काटा ठरेपर्यंत

राजुरीच्या पेठेत जिनं सुमतीबाईंच्या हातचा लाडू खाल्ला नाही, तिचं बाळंतपण लोक धरतच नाहीत. मी दोन बाळंतपणं त्या लाडवांवर काढली आहेत, तेव्हा मला खोटं बोलून चालायचं नाही. लाडू चांगलेच असतात. डिंक, खारीक, खोबरं, बोटांवरून ओघळेल इतकं तूप, आणि गूळ असा सढळ की तो दुकानदाराच्याच घरी परवडावा. त्या लाडवांपायी काय होऊन बसलं असतं ते पुढं सांगते, पण चवीला मी नावं ठेवणार नाही.

मी पुष्पा. माहेर निरगुडसर, दहावी पास, एक्क्याण्णव साली लग्न होऊन इथं आले. आमची पिठाची गिरणी आणि खेमचंद शेठचं किराणा दुकान ह्यांच्यामध्ये एकच भिंत. शेठ म्हणजे सुमतीबाईंचे मालक. घराणं जैन, तीन पिढ्यांमागं मारवाडातून आलेलं, पण आता भांडतात ते मराठीत, म्हणजे इथलेच झाले. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. सासऱ्यांनी ती विकून गिरणी टाकली, आणि ती आता माझे मालक दादाभाऊ चालवतात. म्हणजे गिऱ्हाइकाशी गप्पा ते मारतात, दळण मी घालते.

शेठच्या घराला दोन गोष्टींचा अभिमान. एक, वजन खरं. तराजू एकदा हातात घेतला की शेठ कुणाचं ऐकत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं, 'असू द्या शेठ, चालतंय,' तरी चिमूटभर साखर घालतील नाहीतर काढतील, पण काटा मध्यावर थांबल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत. दुसरा अभिमान घरातल्या बाळांचा. मूल जन्मलं की त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, दुकानाच्या तराजूत घालायचं अशी त्यांच्या घरची तुलेची रीत. एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात गूळ, आणि मग तो गूळ पेठेत वाटायचा. बाळ जितकं जड तितकी घराण्याची मान ताठ. त्यातही शेठच्या वडिलांपासून एक नियम चालत आलेला: तुला झाल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही. पोटात दूध गेलं की वजन खोटं. "धंद्यात मी कुणाला वजनात फसवलं नाही, घरच्या बाळाच्या नावानं गावाला फसवू काय?" असं शेठ विचारायचे.

सुमतीबाईंचा पहिला मुलगा ह्याच तराजूत बसला होता. मारवाडातलं माहेर लांब पडतं म्हणून ते बाळंतपण इथंच झालं. मी नवी होते तेव्हा पीठ पोचवायला गेले की त्या मला हमखास ते सांगायच्या. "पुष्पा, काय बाळ होतं म्हणून सांगू. सुईण म्हणाली, महिन्याचं पोर वाटतंय. मी आत खाटेवर, बाहेर ओट्यावर सगळी पेठ जमलेली. सासूबाई सारख्या आत येऊन सांगायच्या, अगं गूळ टाकतायत, काढतायत, काटा ठरतच नाही, नुसता थरथरतोय. गुळाला पेलवेना बघ त्याचं वजन." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की पुढचं विचारू नये असं वाटायचं. पुढचं त्या आपणच सांगायच्या, आवाज खाली आणून. काटा एकदाचा ठरला. बाळ आत आणून मांडीवर दिलं. इतकं शांत की सगळे म्हणाले, गुणाचं आहे, रडत नाही. दिवेलागणीला ते गेलं.

"आणि का गेलं माहीत आहे?" असं म्हणून त्या मधल्या भिंतीकडं बोट करायच्या. भिंतीपलीकडं आमची गिरणी, आणि गिरणीत माझी सासू सुंदरा.

सुंदरा म्हणजे आमच्या आत्याबाई. त्या दिवशी त्या मेंढरांसाठी मीठ न्यायला दुकानात आल्या होत्या. नवी सून, कडेवर दादाभाऊ, समोर पारड्यात ते गुटगुटीत बाळ. भोळेपणानं बोलून गेल्या, "लई भरलंय बाई पोरगं, दोन महिन्यांच्या कोकरावानी." कौतुकच केलं बिचारीनं. पण बाळ गेलं, आणि सुमतीबाईंच्या सासूनं ठरवून टाकलं की मेंढरंवालीची नजर लागली. पुढं पारस झाला तेव्हा त्याची तुला केलीच नाही. पडद्याआड ठेवला, कुणाला दाखवला नाही, सुईणीनं नाळ कापली आणि लगेच छातीशी दिला. पारस जगला. झालं, पुरावाच मिळाला. सुंदरेनं पाहिलं तो गेला आणि पाहिलं नाही तो राहिला, मग आणखी काय पाहिजे?

मला राग कशाचा येतो, सांगू? आत्याबाई भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते खरंच मानलं. गिरणीत कुणी तान्हं घेऊन आलं की त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच तेल लावलं, न्हाऊ घातलं, पण मान वळवून. मी म्हणायचे, "आत्याबाई, तुमचाच नातू आहे, बघा की." तर म्हणायच्या, "नगं गं. माजा डोळा वाईट हाय." पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आळेफाट्याला फुकट शिबिर लागलं, मी हाताला धरून न्यायला निघाले, तर जागच्या हलल्या नाहीत. "मला दिसत न्हाई तेच बरं. कुणाचं वाईट तर व्हणार न्हाई."

आणि भिंतीपलीकडनं माझ्यासाठी लाडवांचा डबा यायचा. वर निरोप, सासूसमोर उघडू नको. मी मुद्दाम आत्याबाईंच्या समोर बसून खायचे आणि त्यांनाही एक द्यायचे. माझ्या पोरांना काही झालं नाही, पण हा पुरावा कुणी धरला नाही.

तर आता हर्षा. पारसची बायको, घोडनदीची, लग्न शहाण्णवचं. पोरगी गरीब, सासूसमोर डोळे वर करायची नाही, पण गिरणीत येऊन माझ्यापाशी बसली की सगळं बोलायची. तिची पहिली टीना माहेरी झाली. तिथं दवाखान्याच्या काट्यावर वजन केलं, तीन किलो भरलं, पोरगी छान, आई छान. सुमतीबाई गावभर सांगत सुटल्या, "तीन किलो! एवढी तर आमच्याकडं साखरेची पुडी असते. माहेरच्यांनी खाऊ घातलंच नाही." तुला झाली नाही हे दुःख तर वेगळंच. म्हणून दोन हजार दोनमध्ये दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की हे बाळंतपण आळेफाट्याच्या दवाखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि बाळ घराण्याच्या वजनाचं.

मग सुरू झालं. सकाळी उठल्यावर लाडू, न्याहारीला शिरा, जेवणावर बासुंदी, मधे केळं, परत लाडू. सूर्य मावळल्यावर त्यांच्यात खात नाहीत, म्हणून रात्रीचंही दिवसाच उरकायचं. हर्षा फुगायला लागली. तहान तहान करायची, सारखी लघवीला उठायची. सुमतीबाई खूश. म्हणाल्या, "बाळ पाणी मागतंय."

सातव्या महिन्यात मी तिला आळेफाट्याला घेऊन गेले. सुमतीबाईंचे गुडघे दुखत होते आणि पारसला दुकान सुटत नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी रक्त तपासलं आणि हर्षाला समोर बसवून सांगितलं, "तुमची साखर वाढली आहे. गरोदरपणात काहींना होतं, वयाचा संबंध नाही. आईची साखर बाळाकडं जाते, म्हणून बाळ मोठं होतं. मोठं म्हणजे धट्टंकट्टं नव्हे, हे लक्षात ठेवा. पोटात त्याला जास्त साखर जिरवायची सवय लागते. जन्मल्यावर नाळ तुटते, वरून येणारी साखर बंद होते, पण सवय चालूच राहते. मग त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. अशा बाळाला लगेच पाजावं लागतं आणि टाचेतून रक्त घेऊन तपासत राहावं लागतं. नाहीतर जीवावर बेततं." गोड बंद करायला सांगितलं, चालायला सांगितलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला परत बोलावलं. तेव्हाही साखर अशीच राहिली तर इंजेक्शनं चालू करू म्हणाल्या.

घरी आल्यावर मी सगळं जसंच्या तसं सुमतीबाईंना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाळ मोठं होईल असं म्हणाल्या ना? मग तेच तर पाहिजे."

आता सुमतीबाई डॉक्टरांना मानत नव्हत्या असं नाही. रिपोर्टला त्या फार मान द्यायच्या. रिपोर्ट चांगला यायला पाहिजे हे त्यांना पटलं होतं. आणि दसऱ्याच्या त्याच सुमाराला त्यांची आयंबिलाची ओळी येते. म्हणजे नऊ दिवस, दिवसातनं एकदाच बसून खायचं, तेही उकडलेले मूग नाहीतर भात. तूप नाही, तेल नाही, गूळ-साखर तर नाहीच. त्यांनी हर्षाला ओळी करायला लावली. "रक्त शुद्ध होतं," म्हणाल्या. पोटुशी बाई नऊ दिवस उकडलेल्या मुगावर. मी दादाभाऊंना म्हटलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, दुसऱ्याच्या देवात आपण पडू नये. त्यांना कुठल्याच कामात पडायला आवडत नाही.

ओळीतच रक्त तपासलं. साखर एकदम बेताची. डॉक्टरीणबाईंनी हर्षाच्या पाठीवर थाप मारली म्हणे, इतकं मनावर घेणारी पेशंट मिळत नाही म्हणाल्या. हर्षानं तोंड उघडलं, तर शेजारी बसलेल्या सुमतीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. हे मला हर्षानंच गिरणीत सांगितलं, पिठाच्या डब्यावर बसून.

"अगं मग सांग ना त्यांना, नऊ दिवस काही खाल्लं नव्हतं म्हणून."

"आई म्हणतात, व्रत केलेलं सांगायचं नसतं. पुण्य जातं."

मी तडक दुकानात गेले आणि पारसला सांगितलं. तो म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, पुष्पावहिनी? मग झालं." शेठ काट्याकडं बघत होते, त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. ओळी संपली त्या दिवशी पारण्याला शिरा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून लाडू परत चालू, आता तर रिपोर्टच्या जोरावर. तो कागद सुमतीबाईंनी दुकानात येणाऱ्या बायकांना दाखवला. मला काय वाटलं ते सांगते. मला भीती वाटली. पण सगळं घर इतकं आनंदात होतं की माझं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

डिसेंबरात हर्षाचं पोट दुखायला लागलं. तिनं हट्ट धरला की पुष्पाताई बरोबर पाहिजे. म्हणून मी गेले. बाळ अडलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. बाहेर बाकावर आम्हाला डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू येत होता, आणि सुमतीबाई नवकार मंत्र म्हणत होत्या, मी खंडोबाला नारळ बोलत होते. शेवटी दुपारच्या आत सुटका झाली. मुलगा. दवाखान्याच्या काट्यावर साडेचार किलोच्या पुढं भरला. सिस्टरनं गुंडाळून आणून दिला आणि म्हणाली, "लगेच पाजा हं." तेवढ्यात दुसरी बाई अडलेली आली, डॉक्टरीणबाई आणि सिस्टर दोघी तिकडं पळाल्या. टाचेतनं रक्त घ्यायचं त्या दोघींच्या मनातही आलं नाही, कारण रिपोर्ट नॉर्मल होता.

"काकू, पाजायला सांगितलंय," मी सुमतीबाईंना म्हटलं.

"हो गं, तराजू आला की."

तराजू राजुरीहून यायचा होता. दवाखान्याचा काटा शेठना चालत नव्हता. स्प्रिंगचा काटा म्हणजे अंदाज, असं त्यांचं मत. पारस जीप घेऊन गेला, पण त्या दिवशी दुकानात गर्दी, मग तराजू धुवायचा, त्याला कुंकू लावायचं, गुळाच्या ढेपा काढायच्या. बराच वेळ गेला. हर्षा टाके घातलेली, अर्धवट गुंगीत. बाळ सुमतीबाईंच्या मांडीवर. पहिल्यांदा थोडं रडलं, मग रडायचं थांबलं. मी परत म्हटलं, "काकू, निदान चाटवा तरी काही." त्या हसल्या. "बघ किती शांत आहे. आमच्याकडची बाळं अशीच. गुणाची."

दवाखान्याच्या त्या खोलीत छताला पाळण्यासाठी कडी होती. तराजू घेऊन आलेल्या शेठनी तो तिलाच अडकवला. एका पारड्यात दुपटं घालून बाळ ठेवलं, दुसऱ्यात गूळ. शेजारच्या खोल्यांतल्या बायका दारात जमल्या. शेठ गूळ घालत होते, काढत होते, बोटाएवढा खडा, मग बोराएवढा. काटा मध्यावर आला, पण थांबेना. थरथरत राहिला.

"पंखा बंद करा," शेठ म्हणाले. पंखा चालू नव्हताच. पारसनं खिडकी लावली. मग दार लोटलं. तरी काटा बारीक बारीक हलतच होता. दारातली एक म्हातारी म्हणाली, "वजनदार हाय, पेलना त्याला." शेठनाही हसू आलं. ते म्हणाले, "थांबा थोडं. ठरेल."

मी सुमतीबाईंकडं पाहिलं. त्या इतका वेळ काट्याकडं बघत होत्या, हसऱ्या तोंडानं. मग त्यांची नजर खाली आली, काट्यावरून दांडीवर, दांडीवरून पारड्यात. बाळाचा एक हात दुपट्याबाहेर आला होता. बोटं थरथरत होती. ओठ निळसर पडले होते. पारडं हलत होतं ते बाळामुळं, वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

"उचला त्याला," सुमतीबाई म्हणाल्या.

"अगं, ठरला नाही अजून."

"तेव्हा ठरला होता," सुमतीबाई म्हणाल्या. "ठरला, आणि मग तुम्ही त्याला माझ्या मांडीवर आणून दिलंत."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला आणि शेठना कळलं. शेठचा हात गुळावर तसाच राहिला. सुमतीबाईंनी बाळ उचललं तसं गुळाचं पारडं खाली आपटलं आणि खडे खोलीभर झाले. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती बाई अशी धावली की मी मागं पडले. ज्या खोलीत कुणाला सोडत नाहीत त्या खोलीचं दार ढकलून त्या आत शिरल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "रिपोर्ट खोटा आहे. मी तिला उपाशी ठेवलं होतं. त्याच्याआधी आणि नंतर लाडू दिले. ह्याला अजून पाजलेलं नाही. हा थरथरतोय." एका दमात सगळं. पुण्य जाईल म्हणून जे दोन महिने पोटात ठेवलं होतं, ते चार परक्या बायकांसमोर सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम सिस्टरकडं सोपवलं. टाचेतनं रक्त घेतलं, पट्टीवर ठेवलं, आणि पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. इवल्याशा हाताला सुई लावून साखरेचं पाणी चालू केलं. मगच त्या बोलल्या, "तिकडं खोलीत ढेपा फोडताय, आणि ह्याच्या रक्तात साखर नाही." रागानं बोलल्या, आणि बरोबरच बोलल्या.

बाळाला जीपमधनं मंचरला लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर आणि सुमतीबाई बरोबर गेल्या. मी हर्षापाशी राहिले. ती सारखी विचारायची, रडला का, पुष्पाताई, रडला का? आणि मला खोटं बोलता येईना. खोलीत गुळाला मुंग्या लागल्या होत्या. शेठ खाली बसून एकेक खडा वेचत होते. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांना दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. संध्याकाळी पारसचा दवाखान्यात फोन आला. रडला. चांगला मोठ्यानं रडला. हर्षानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

काही दिवसांनी बाळ आईजवळ आलं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना हर्षाला सांगितलं, दरवर्षी साखर तपासत जा, पुढं कायमची होऊ शकते. मग सुमतीबाईंकडं बघून म्हणाल्या, "तुमचीही एकदा बघू." सुमतीबाईंची तर चांगलीच वाढलेली निघाली. कधीपासून होती कोण जाणे. त्यांनी ते निमूट ऐकलं. मग विचारलं, "बाई, हे असं पूर्वीही व्हायचं का?"

"व्हायचं की. कळायचं नाही. मोठं, देखणं बाळ, शांत शांत होऊन जायचं. लोक म्हणायचे नजर लागली."

सुमतीबाईंनी 'हं' केलं आणि पदरानं चष्मा पुसला.  

बारशाला नाव ठेवलं संयम. नाव सुचवलं कुणी, तर सुमतीबाईंनी. मी तोंडावर पदर धरला. हर्षा माझ्याकडं बघायचं टाळत होती. तुला झाली नाही. गूळ मात्र वाटला, न तोलता, हाताला येईल तसा. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा न मोजलेला माल दुकानाबाहेर जाऊ दिला. वाटताना त्यांचा हात जरा अडखळत होता.

सव्वा महिना झाला त्या दिवसाची गोष्ट. सकाळची गिरणी चालू होती. पिठाच्या धुरळ्यात दारात कोण उभं आहे ते मला आधी दिसलं नाही. सुमतीबाई होत्या, ठेवणीतलं लुगडं, हातात संयम. मी पट्टा उतरवला. इतक्या वर्षांत त्या भिंतीच्या ह्या बाजूला त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. गिरणी थांबल्यावर बाळाचा आवाज आला आणि कोपऱ्यात पोत्यावर बसलेल्या आत्याबाईंनी सवयीनं तोंड भिंतीकडं केलं.

"सुंदरा," सुमतीबाई म्हणाल्या, "इकडं बघ."

"नगं शेठाणीबाई. ल्हान जीव हाय."

सुमतीबाई खाली बसल्या, पिठात, त्या लुगड्यानिशी. गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आलं. त्यांनी बाळ आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. आत्याबाईंनी हात वर उचलून धरले, लागू नये म्हणून.

"बघ म्हणते ना. पोटभर बघ. तुझ्या डोळ्यात काही नव्हतं गं. तो उपाशी होता, आणि आम्ही त्याला तोलत बसलो."

 आत्याबाईंचे हात अजून हवेतच होते. मग ते खाली आले, बाळाच्या डोक्यावरून फिरले, कानावरून, नाकावरून. त्यांनी मान वळवली आणि तोंड अगदी बाळाच्या तोंडाजवळ नेलं.

"दिसंना की गं," त्या म्हणाल्या. "नुसतं धुकं हाय. कुणावर गेलाय?"

सुमतीबाईंनी सांगायला तोंड उघडलं. नाक पारसचं, एवढंच म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. मला दोघींचाही राग आला, आणि मीही रडले. दादाभाऊ दळणाचा डबा घेऊन आत आले, आम्हाला बघून तसेच मागं फिरले.

आता सुमतीबाई काय करतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायचं नाही की त्या बदलल्या. लाडू अजून करतात. पण पेठेत कुणाच्या पोटुशा सुनेची ओटी भरायला गेल्या की नारळाच्या आधी रिपोर्ट मागतात. आणि तपासायच्या आधी काय खाल्लं, उपास होता का, कुठलं व्रत चालू आहे, असं पोलिसांसारखं विचारतात. सुना दार लावून घेतात. मी म्हणते, लावा, पण आधी रिपोर्ट दाखवा.

पण ते पुढचं. त्या दिवशी सुमतीबाई संयमला घेऊन परत गेल्या, मी पट्टा चढवला, गिरणी चालू केली. आत्याबाई पोत्यावर बसून होत्या, मांडीवर हात तसेच, मघा बाळ होतं तिथं. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. गिरणीच्या आवाजात मला ऐकू गेलं नाही, म्हणून मी जवळ गेले.

"पुष्पे," त्या म्हणाल्या, "ते डोळ्याचं शिबिर परत कवा लागतंय गं?"